नसीमबाईंच्या सुरळ्या

नसीमबाईंचा आवाज काढायचा तर आधी पदर सावरावा लागतो. नुसता गळ्यातून न्हाई निघत तो. उजवा हात डाव्या खांद्यावर न्यायचा, पिन जागेवर हाय का चाचपायची, मान जराशी तिरपी करायची आणि मग अगदी हळू म्हणायचं, "मुलांनो, शांतता." बास. नायगावच्या आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत एवढ्यावर पत्र्यावरची वानरंसुद्धा गप बसायची.

मी लई जणांचे आवाज काढतो. एसटीचा कंडक्टर, न विचारता सल्ले देणारे आमचे मामा, निम्मा भाव तेलुगूत सांगणारा धर्माबादचा मिरचीवाला. नांदेडात मित्राचं लग्न असो की गल्लीतला गणपती, माईक माझ्याकडं येतोच. बाईंच्या आवाजाला लोक सगळ्यात जास्त हसतात. मला मात्र त्या वक्ताला भूक लागते. वरणभातानं भागणारी न्हाई. ओव्हनमधून आत्ताच काढलेल्या, कडंनं कुरकुरीत झालेल्या, आत खिमा भरलेल्या सुरळीची भूक.

बाईंचं नाव शेख नसीम, आणि शिकवायच्या मराठी. नवा पालक आला की हमखास विचारायचा, उर्दूच्या बाई का? बाई म्हणायच्या, "नाही, मराठीच्या. उर्दू घरी असते, तिला पगार नाही." वर्गातली त्यांची मराठी इस्त्री केलेली, एक सुरकुती दिसायची न्हाई. आणि याच बाई बसस्टँडवर बहिणीला भेटल्या की "कायकू गे, कित्ते दिनां हुए" असं सुरू. एका माणसात दोन आवाज. माझ्यासारख्याची दिवाळीच.

एकदा मधल्या सुट्टीनंतर मी टेबलामागं उभा राहून बाई करून राहिलो होतो. वर्ग एकदम गप झाला. मला वाटलं, काय कला हाय आपली. तर बाई दारात. छडी आठवली, बाप आठवला. बाई सरळ मागच्या बाकावर जाऊन बसल्या. म्हणल्या, "चालू ठेवा, गजाननराव." तास संपंपर्यंत मी घाम पुसत त्यांच्याच आवाजात त्यांनाच धडा शिकवला. मधी त्यांनी हात वर करून एक शंकापण विचारली. शेवटी म्हणल्या, "आवाज बरा आहे. पण तू माझी नुसती खोड काढतोस. मला काय आवडतं ते तुला ठाऊक नाही, म्हणून माणूस अर्धाच निघतो."

तवापासून मी बघायला लागलो, बाईंना आवडतं काय. सोपं होतं. बाईंना शनिवार आवडायचा.

शनिवारी सकाळची शाळा. त्या दिवशी बाईंची पिशवी फळ्याजवळच्या खुंटीला टांगलेली असायची आणि आवाज अर्धी पट्टी वर. घंटा झाली की बाई थेट लातूरच्या एसटीत. कारण शेखसाहेब, म्हणजे त्यांचे मालक, लातूरला. लग्न झालं तवा दोघंबी नांदेड जिल्ह्यात नोकरीला होते. मग लातूर नवा जिल्हा झाला. नव्या कचेरीला जुनी माणसं पाहिजे होती. साहेबांना बढती मिळाली, ते गेले. सगळे म्हणले, वर्षा-दोन वर्षांत बाईंचीबी बदली होईल. बाई सांगायच्या आणि हसायच्या, "जिल्हा झाला, कचेरी झाली, कचेरीसमोर कारंजंसुद्धा झालं. बदली तेवढी राहिली." ती त्या रिटायर होईस्तोवर झाली न्हाई.

म्हणजे बघा. नायगावात भाड्याच्या खोलीत एका कोपऱ्यात स्टो. लातूरला स्वतःचं घर, पण तिथलं स्वयंपाकघर सासूबाईंचं. शनिवारी संध्याकाळी सून पाहुणीसारखी यायची, रविवारी पाहुणीसारखी निघायची. बाई रिटायर झाल्या तवा सासूबाई नव्हत्या. दोन वर्षं जेमतेम साहेबांना गरम खाऊ घातलं, तर तेबी गेले. पोरगा इम्तियाज पुण्याला, कंपनीत. उभ्या आयुष्यात स्वतःचं असं स्वयंपाकघर मिळालं, आणि खाणारं कुणी उरलं न्हाई.

त्याच घरात वरच्या खोलीत मी भाडेकरू म्हणून गेलो. लातूरला क्लासेसच्या एका ऑफिसात फोन उचलायची नोकरी लागली होती. बाईंनी मला आधी स्वयंपाकघर दाखवलं, मग खोली. भिंती पोपटी रंगवलेल्या. ओटा फोडून बुटका करून घेतलेला, त्यांच्या उंचीचा. गवंडी म्हणला म्हणं, बाई, उद्या सुनेला वाकावं लागंल. बाई म्हणल्या, उद्याचं उद्या. डबे असे लावलेले, की डोळे मिटून हात घातला तरी जिरंच हातात यावं. "सासूबाई हळद कुठं ठेवायच्या हे मला शेवटपर्यंत विचारावं लागलं," असं त्या एकदा डाळ निवडता निवडता बोलल्या. तक्रार म्हणून न्हाई, नुसतंच.

सुरळीचा शोध तिथलाच. इम्तियाजभाईनं मोबाईलवर एक व्हिडिओ पाठवला होता. कोणतरी परदेशी बाई पातळ रोटीत मटण भरते, गुंडाळते, वरून लाल रस्सा आणि चीज ओतून ओव्हनमधी सारते. काहीतरी तोंड वाकडं करणारं नाव होतं. बाईंनी चष्मा लावून पूर्ण बघितला आणि निकाल दिला, "ही तर आपली सकाळची पोळी आहे."

दुसऱ्या दिवशी करून बघितलं. सकाळच्या उरलेल्या पोळ्या. ताज्या नकोत, ताजी पोळी रस पिऊन लिबलिबीत होते, शिळी ताठ राहते. खिमा कांद्यालसणात झाकून शिजवायचा, पाण्याचा थेंब घालायचा न्हाई, तो स्वतःचं पाणी सोडतो आणि स्वतःच पितो. वरून काळा मसाला. पोळीत भरून घट्ट गुंडाळायचं आणि ओव्हनच्या गोल भांड्यात एकमेकींना चिटकून बसवायचं. वर टमाट्याचा दाट रस, त्यावर साय. मग काचेचं झाकण. ओव्हन म्हणजे जुना अ‍ॅल्युमिनियमचा, नानकटाई करायचा. नाव काय ठेवायचं? मी म्हणलं, रोल म्हणू. बाईंना ते बोचलं. "सुरळी असा सुंदर शब्द असताना रोल कशाला?" झालं. त्या दिवसापासून संध्याकाळी आवाज यायचा, "गजाननराव, आज सुरळ्या लावते. बाहेर वडापाव हाणून येऊ नका."

बाईंच्या भिंतीला भिंत लागून मन्मथअप्पांचं घर. अप्पा लिंगायत, कापड दुकानवाले, एकदम पक्के. गळ्यात लिंग, कपाळाला भस्म. संध्याकाळी दुकान बंद करून आले की अंघोळ, मग लिंगाची पूजा, मग जेवण. अंघोळ न्हाई तर पूजा न्हाई, पूजा न्हाई तर घास न्हाई. बाई सोमवारी खिमा शिजवायच्या न्हाईत, वास भिंतीपलीकडं जातो म्हणून. हे कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. आणि अप्पांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या काकूंनी, सुरळ्या बघितल्या तवा त्यांनाबी राहवंना. मग असं ठरलं: पोळ्या काकूंच्या, आत झुणका काकूंचा, भांडं काकूंचं. बाईंची फक्त वीज. काकूंचं भांडं आधी भाजायचं, खिमा मागून. अप्पा पहिल्या दिवशी म्हणले, हे असलं आपल्याला न्हाई चालत. दुसऱ्या दिवशी विचारलं, आज न्हाई केलं का ते?

मग दुष्काळ आला. पहिल्या वर्षी वाटलं, होईल. दुसऱ्या वर्षी नळ नुसता फुस्स करायचा. मग टँकर. मग तर गावाला रेल्वेनं पाणी यायला लागलं आणि आम्ही टीव्हीवर दिसायला लागलो. टँकर कधी पाचला यायचा, कधी सातला, कधी उद्या. हॉर्न वाजला की बाया कढई गॅसवर सोडून पळायच्या, आणि गल्लीभर करपलेल्या भाजीचा वास. फक्त बाईंच्या घरचं करपायचं न्हाई. सुरळ्या ओव्हनमधी, बाई रांगेत. पाणी भरून येईस्तोवर जेवण तयार. खायला ताट लागायचं न्हाई, हातात कागद घेऊन खायचं. भांडं शेवटच्या पोळीच्या तुकड्यानं पुसून घेतलं की घासायला फक्त राख. बाई म्हणायच्या, "त्या परदेशी बाईला कळवायला पाहिजे, तिचा पदार्थ दुष्काळी आहे."

टँकरच्या रांगेतबी बाईंनी शाळा भरवली. भांडणं चालली होती, झिंज्या धरायची वेळ आलेली. बाई आल्या, पदर सावरला, "मुलांनो, शांतता." साठी उलटलेले लोक गप. मग भांडी लावली, शाळेतल्यासारखी उंचीनं. तांब्या, कळशा पुढं. ड्रम मागं. एक निळ्या ड्रमवाला चिडला, मी आधी आलोय. बाई म्हणल्या, "उंच मुलगा पुढे बसला तर मागच्याला फळा दिसेल का?" त्यानं ड्रम गडगडत मागं नेला. पण खरं कारण येगळं होतं. पुढच्या कळशा म्हाताऱ्यांच्या होत्या.

इकडं इम्तियाजभाईचा रोज फोन. टीव्हीवर बघितलं, अम्मी चलो. बाई रांगेत असताना फोन आला की मला उचलावा लागायचा. एकदा मी बाईंच्या आवाजात म्हणलं, "हौ बेटा, सब खैरियत हाय." तिकडून शांतपणे आलं, "गजू, अम्मी किधर हाय?"

शेवटी तो म्हणला, मी येतोय, या खेपेला घेऊनच जातो. बाई त्या दिवशी ओट्यापुढं बराच वेळ उभ्या होत्या. मला म्हणल्या, "सबिहा चांगली सून आहे. माझ्या ताटात कमी पडू देणार नाही. पण गजानन, मी पुन्हा हळद कुठं आहे विचारू का रे, या वयात?"

तोड अप्पांनी काढली. म्हणले, बाई, पोराला काय पाहिजे? नळाला पाणी दिसलं पाहिजे. दाखवू की. गच्चीवरच्या काळ्या टाकीत सगळ्यांनी जमंल तेवढं वतायचं. दोन दिवस नळ वाहतोय एवढं बघितलं की पोरगं गप जातंय. उरलेलं ज्याचं त्याला परत. बाई नको म्हणल्या. परत नको म्हणल्या. मग रात्रभर विचार करून सकाळी हो म्हणल्या.

गल्लीनं मनावर घेतलं. काकूंनी दोन कळशा दिल्या, निळ्या ड्रमवाल्यानं चक्क ड्रम हलका केला. मी जिना चढून चढून पाणी वर नेलं. टाकी निम्मी झाली. बाईंनी नळ सोडून बघितला, धार आली, आणि त्या लहान पोरीगत हसल्या.

इम्तियाजभाई दुपारच्या गाडीनं येणार होता, आला संध्याकाळी. धुळीनं पांढरा. बाईंनी सुरळ्या भरायला घेतलेल्या. त्यानं अंगणातला नळ फिरवला. पाणी. तो बघतच राहिला. मग म्हणला, "अम्मी, मैं जरा नहा लेतूं." आणि बाथरूममधी गेला.

मोरीचा पाईप स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेरून खाली येतो. आधी बादलीचा आवाज आला, मग शॉवर सुरू झाल्याचा. आम्ही तो शॉवर विसरलोच होतो. पाईपातून पाणी खळाळत गटारीत जायला लागलं. तो आत गाणं म्हणून राहिला होता, साबण लावून राहिला होता, परत गाणं. भिंतीपलीकडं काकूंच्या घरात बोलणं थांबलं. गल्लीत कुणाचातरी रेडिओ बंद झाला. आख्खी गल्ली कान लावून ते पाणी ऐकत होती. ह्यो तांब्या आपला, ह्यो तुमचा, ह्यो ड्रमवाल्याचा.

मी उठलो, दार वाजवावं म्हणून. बाईंनी हातानंच थांबवलं. एक सुरळी गुंडाळली, भांड्यात बसवली. दुसरी गुंडाळली. म्हणल्या, "राहू दे. लांबून आलंय लेकरू."

पाईपातला आवाज हळूहळू बारीक झाला आणि थांबला.

इम्तियाजभाई केस पुसत बाहेर आला. म्हणला, तुमच्याकडं तर पुण्यापेक्षा जोरात येतं पाणी, टीव्हीवाले उगी बोंबलतात. सुरळ्या आल्या. त्या दिवशी अशा जमल्या होत्या, की वरची साय तांबूस झालेली आणि फोडलं की वाफ. त्यानं चार खाल्ल्या. हात कागदाला पुसत म्हणला, अम्मी, तुम्ही इथंच खुश दिसता, मी आता चलो म्हणणार न्हाई. बाई जिंकल्या. मी टेबलाखालून अंगठा दाखवला. बाईंनी बघितलं न्हाई.

तेवढ्यात काकू दारात आल्या, हातात रिकामी बादली. आत यायला अवघडलेल्या. मला वाटलं झुणक्याचं भांडं घ्यायला आल्या. हळू म्हणल्या, "बाई, टाकीत काय राहिलं असलं तर अर्धी बादली बगा. ह्यांची अंघोळ राहिलीया."

अप्पा पूजेच्या आशेनं बसले होते. त्यांनी घरातलं सगळं दिलं होतं, संध्याकाळी अंघोळीपुरतं अर्धी बादली टाकीतूनच घेऊ म्हणून. बाई उठल्या, नळ फिरवला. नळ खोकला, नुसता. इम्तियाजभाईनं नळाकडं बघितलं, मग काकूंच्या बादलीकडं, मग हात स्वतःच्या ओल्या केसावर नेला. त्याला कुणी सांगितलं न्हाई, तरी कळलं.

तो चप्पल न घालता पळाला, दुकानातून पाण्याच्या बाटल्यांचा बॉक्स खांद्यावर घेऊन आला आणि थेट अप्पांपुढं ठेवला. अप्पा हसले. "बाटलीनं अंघोळ करायला मी मंत्री हाय का रे? ठेव, लेकरांना प्यायला होतंय. एक दिवस उपास घडला तर काय बिघडतंय." आणि खरंच तसेच झोपायला गेले. काकूंच्या झुणक्याच्या सुरळ्या बाईंच्या ओट्यावर गार झाल्या. काकूबी जेवल्या न्हाईत.

सकाळी बाईंची बॅग दारात. इम्तियाजभाईनं विचारलंबी नव्हतं, उलट तो म्हणत होता, मी टँकर सांगतो, तुम्ही रहा. अप्पा धावत आले. बनियनवरच. म्हणले, एका अंघोळीपायी गाव सोडतेत का बाई? टँकर येतोय की आज.

बाईंनी अप्पांपुढं पहिल्यांदाच मान खाली घातली. "अंघोळीसाठी नाही अप्पा. मला माझी चूल राखायची होती, आणि तुमच्या घरची विझली. असलं जेवण मला नाही गिळत."

काकू रडायला लागल्या. पाऊस पडला की येते, असं बाई सगळ्यांना सांगत रिक्षात बसल्या.

पाऊस पडला. त्याच वर्षी असा पडला, की पुलावरून पाणी गेलं. अप्पांनी मला फोन करायला लावला. बाई म्हणल्या, नातवाची परीक्षा होऊ दे. मग गुडघा. मग नातवाची पुढची परीक्षा. मीबी नांदेडला आलो, नोकरी बदलली. घर बंदच राहिलं. काकू मधूनमधून झाडून घेतात.

परवाच्याला मी पुण्याला गेलो होतो, मित्राच्या लग्नात आवाज काढायला. दुपारी बाईंकडं गेलो. उंच बिल्डिंग, नळाला चोवीस तास पाणी. बाई सोफ्यावर नातवाला निबंध सांगत होत्या. मला बघून इतक्या खुश झाल्या, की उठताना चष्मा पडला. गल्लीतल्या एकेकाचं विचारलं. ड्रमवाल्याचंबी. अप्पा म्हणले तुमची वीज लई आठवते, असं सांगितलं तर किती वेळ हसल्या. मग एकदम म्हणल्या, "सकाळच्या पोळ्या आहेत. सुरळ्या लावू?"

सबिहाभाभी आत भाजी चिरत होत्या. लई चांगल्या हायत, खोटं न्हाई सांगत. मला दोनदा चहा विचारला होता. बाई लगबगीनं स्वयंपाकघराकडं गेल्या आणि दारात थांबल्या. चौकटीला हात लावून, अगदी हळू म्हणल्या, "सबिहा, मैं जरा अंदर आऊं क्या? जास्ती पसारा नै करती."

"अम्मी, पूछते कायकू?" भाभी म्हणल्या आणि सुरी ठेवून घाईघाईनं ओटा पुसायला लागल्या. बाई मात्र, भाभी ओटा पुसून बाहेर येईपर्यंत, दारातच उभ्या राहिल्या.